धम्मलिपीचं कुलूप उघडणारा : जेम्स प्रिन्सेप

सम्राट अशोक हे नाव आज आपल्या घराघरात आहे. आपल्या मुलांची नावं अशोक असतात, विजयादशमीला आपण अशोक विजयादशमी म्हणतो, राष्ट्रध्वजावर अशोकचक्र आहे आणि खिशातल्या नाण्यावर सारनाथचे सिंह आहेत. पण दोनशे वर्षांपूर्वी या देशात कुणालाही विचारलं असतं की, हा राजा कोण, त्यानं काय केलं, तर धड उत्तर मिळालं नसतं. पुराणांतल्या राजांच्या यादीत त्याचं नाव होतं, तेवढंच. त्याचे स्तंभ उभे होते, शिळा जागेवर होत्या, त्यांवरची अक्षरंही बऱ्याच ठिकाणी शाबूत होती. वाचणारा मात्र एकही उरला नव्हता. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात टोपरा गावचा एक स्तंभ मोठ्या खटाटोपाने दिल्लीला आणला, पंडितांना बोलावून वाचायला सांगितलं. कुणालाही वाचता आलं नाही. लोक त्याला भीमाची काठी म्हणू लागले. पुढे एका इंग्रज प्रवाशाला ती अक्षरं ग्रीक वाटली!

ही मुकी अक्षरं ज्याने बोलती केली, त्या जेम्स प्रिन्सेप यांची ओळख आपल्या विहाराच्या वाचकांना, विशेषतः शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना व्हावी, असे आम्हाला वाटते. कारण हा माणूस भाषेचा प्राध्यापक नव्हता. संस्कृतचा पंडितही नव्हता. तो टांकसाळीत नोकरी करणारा, नाण्यांचा कस तपासणारा अधिकारी होता. लिपी वाचणं हा त्याचा नाद होता.

प्रिन्सेप यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ चा. वडिलांनी हिंदुस्थानात निळीच्या धंद्यात पैसा कमावला होता, पण पुढे घरची परिस्थिती खालावली. भावंडं पुष्कळ, जेम्स त्यांतला धाकट्यांपैकी. त्याचा हात चित्रकलेत चांगला होता म्हणून त्याला घरबांधणीच्या नकाशांचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. पण डोळ्यांचा आजार झाला, दृष्टी अधू झाली आणि ते शिक्षण सोडावं लागलं. मग रसायनशास्त्र शिकून, लंडनच्या टांकसाळीत धातूंचा कस तपासण्याचं काम शिकून, वयाच्या विसाव्या वर्षी, सप्टेंबर १८१९ मध्ये तो कलकत्त्याला उतरला. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर म्हणून. कंपनीने या देशाची लूट केली हे आपण जाणतोच. ते झाकण्याचं कारण नाही. पण त्याच कंपनीच्या नोकरीत राहून एखाद्याने काय केलं, तेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

१८२० मध्ये त्यांची बनारसच्या टांकसाळीत नेमणूक झाली. तिथे दहा वर्षांत त्यांनी बनारस शहराचा नकाशा तयार केला, लोकांची शिरगणती केली, साचलेलं पाणी निघून जावं म्हणून जमिनीखालून बोगदा काढला, कर्मनाशा नदीवर दगडी पूल बांधला. एका ग्रेनचा तीन हजारावा भाग मोजणारा तराजू त्यांनी तयार केला. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. बारीक मोजमाप करायची, दिसेल ते लिहून ठेवायची आणि अंदाजावर विसंबून न राहता पुन्हा तपासायची ही जी सवय, तीच पुढे लिपीच्या कामाला आली.

१८३० मध्ये बनारसची टांकसाळ बंद झाली आणि ते कलकत्त्याला परत आले. १८३२ मध्ये मुख्य पारखी झाले, त्याच वर्षी एशियाटिक सोसायटीचे चिटणीस झाले आणि सोसायटीचं मासिकही काढू लागले. नोकरी सांभाळून हा सगळा व्याप! देशभर पसरलेल्या अधिकाऱ्यांना, हौशी लोकांना ते पत्रं लिहीत : तुमच्याकडे जुनी नाणी असतील तर कळवा, दगडावर लेख दिसला तर त्याचा ठसा पाठवा. आणि लोक पाठवत. अलाहाबादच्या स्तंभाची नक्कल आली, बिहारच्या लौरियाची आली. शेजारी शेजारी ठेवून पाहतात तो काय, दिल्ली, अलाहाबाद आणि बिहार, इतक्या दूरच्या स्तंभांवर एकच मजकूर! म्हणजे कुणीतरी एकच गोष्ट देशभर लोकांना सांगत होतं. पण काय सांगत होतं?

१८३४ मध्ये प्रिन्सेप यांनी अक्षरांची मोजणी केली. कोणतं चिन्ह किती वेळा येतं, त्याला कुठे रेघ जोडली आहे, वर का खाली, डाव्या बाजूला का उजव्या. तक्ता मांडल्यावर लक्षात आलं की मूळ अक्षर तेच राहतं आणि त्याला पाच प्रकारच्या खुणा लागतात. आपल्या बाराखडीत क ला काना, वेलांटी, उकार लागतो, तसंच हे. म्हणजे ही लिपी ग्रीक नव्हे, ती इथलीच. त्याच वर्षी आपल्याकडच्या कार्ले लेण्यांतील लेखांवर काम करताना जे. स्टीव्हन्सन यांनी थोडी अक्षरं ओळखली होती. तरीही सबंध वाक्य काही लागेना.

आणि आता खरी गंमत बघा. हे कुलूप राजाच्या मोठ्या लेखाने उघडलं नाही. ते उघडलं साध्या माणसांच्या दानाने.

१८३७ मध्ये कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी सांची स्तूपाच्या कठड्यांवरील लेखांच्या नकला पाठवल्या. हे लेख अगदी लहान, एकेका ओळीचे, वेगवेगळ्या दगडांवर कोरलेले. नकला छापण्यासाठी मांडत असताना प्रिन्सेप यांच्या ध्यानात आलं की जवळजवळ प्रत्येक ओळीचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो आणि त्यानंतर एक टिंब असतं. इतक्या वेगवेगळ्या दगडांवर एकच शेवट कशासाठी असेल? मयतांची नावं म्हणावीत तर ते पटेना. मग त्यांना आठवलं की बौद्ध देशांतल्या देवस्थानांत भाविक आपापल्या दानाची नोंद कोरून ठेवतात. मग तो शब्द ‘दानं’ असला पाहिजे! द मिळाला, न मिळाला, अनुस्वार मिळाला. त्याच्या आधी पुष्कळदा एकच अक्षर येत होतं, ते ‘स’ ठरलं. अमक्याचं दान, तमक्याचं दान, यातला तो ‘चं’. आपण रोज वंदनेत ‘तस्स’, ‘सम्बुद्धस्स’ म्हणतो ना, त्यातला शेवटचा ‘स्स’ तोच. त्या काळी जोडाक्षर न करता एकच ‘स’ कोरत असत. एवढा धागा हाती आल्यावर बाकीची अक्षरं भराभर उलगडत गेली.

कोण होते हे दान देणारे? भिक्षू होते, भिक्षुणी होत्या, व्यापारी होते, गृहिणी होत्या. सांचीच्या एका तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांचं नाव आहे. आपल्या कार्ल्याच्या लेण्यात सुतार आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. कुणी खांब दिला, कुणी नुसता कठड्याचा एक दगड दिला. त्या दगडाने दोन हजार वर्षांनंतर अख्ख्या देशाचा विसरलेला इतिहास परत मिळवून दिला.

मग दिल्लीचा स्तंभ वाचला गेला. लेखातला राजा स्वतःला देवानंपिय पियदसी म्हणवत होता. हा कोण? प्रिन्सेप यांना आधी वाटलं, हा सिंहलद्वीपाचा राजा असावा. पण श्रीलंकेत नोकरीला असलेल्या जॉर्ज टर्नर यांनी दीपवंस या पाली ग्रंथात शोधून कळवलं की पियदसी म्हणजे अशोक, चंद्रगुप्ताचा नातू. प्रिन्सेप यांनी आपलं आधीचं मत लगेच मागे घेतलं. पुढे मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्याकडून गिरनारच्या शिलालेखाचे ठसे आले. त्यात १८३८ मध्ये त्यांना ग्रीक राजांची नावं सापडली आणि त्यावरून अशोकाचा काळ पक्का झाला. माणसांसाठी आणि जनावरांसाठीही औषधोपचाराची सोय करणारा, रस्त्याकडेला झाडं लावणारा, विहिरी खोदणारा, दुसऱ्याच्या पंथाचाही मान राखायला सांगणारा राजा जगापुढे आला. धम्म मुखवचनात होता, पाली ग्रंथांत होता; आता तो दगडावरून, राजाच्या स्वतःच्या शब्दांत वाचता येऊ लागला.

या कामात प्रिन्सेप एकटे नव्हते. संस्कृतसाठी पंडित कमलाकांत विद्यालंकार त्यांच्या मदतीला होते, पालीसाठी श्रीलंकेचे रत्नपाल होते. पाठ्यपुस्तकात ही नावं सापडत नाहीत, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

दिवसा टांकसाळ आणि उरलेल्या वेळी लेख, नाणी, पत्रं, मासिक. शरीर किती सोसणार? १८३८ मध्ये डोकेदुखीने ते बेजार झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना बोटीने विलायतेला नेलं, पण मेंदूचा विकार बरा झाला नाही. २२ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. मागे पत्नी आणि लहान मुलगी होती. कलकत्त्याच्या लोकांनी १८४३ मध्ये हुगळीकाठी त्यांच्या नावाचा घाट बांधला. तो आजही आहे. त्यांचे तरुण मित्र अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी पुढे पुरातत्त्व खात्याची उभारणी केली. १८८२ मध्ये आपल्या सोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९१५ मध्ये कर्नाटकात मस्कीला तर प्रत्यक्ष अशोक हे नावच कोरलेलं मिळालं आणि उरलीसुरली शंका संपली. प्रिन्सेप हे पाहायला नव्हते.

बंधू-भगिनींनो, या लिपीला मूळ अक्षरं चाळीसच्या आसपासच आहेत. आपली देवनागरी तिच्याच वंशातली. मनावर घेतलं तर दहावीतलं पोर महिन्याभरात शिकेल. आता ठिकठिकाणी धम्मलिपीचे वर्गही भरतात. कार्ले, कान्हेरी, जुन्नर, नाशिकची लेणी आपल्या सहलीच्या वाटेवर आहेत. तिथे आपण फोटो काढतो, डबा खातो आणि परत येतो. काही लोक तर त्याच भिंतींवर खिळ्याने आपली नावं कोरतात आणि एखादं जुनं अक्षर कायमचं बुजवतात. असं एक अक्षर गेलं की एका दात्याचं नाव जातं. म्हणून आमची विनंती आहे : पुढच्या वेळी जाताना अक्षरांचा तक्ता सोबत घ्या. ओळीचा शेवट शोधा. द, न आणि टिंब दिसलं की मुलांना मोठ्याने वाचायला सांगा. याच स्मरणिकेच्या मागच्या पानांवर आपल्या वस्तीतल्या दात्यांची यादी आहे. कुणी फरशी दिली, कुणी पंखा दिला, कुणी शंभर रुपये दिले. लेण्यातली ती ओळ म्हणजे अशाच एका यादीतलं नाव आहे, हे मुलांना तिथेच समजेल.

जय भीम!