रेव्हरंड नारायण वामन टिळक : श्रद्धेचे धैर्य

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत स्वधर्म सोडून गेलेल्या पुरुषाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल, आणि तो अगदीच गैर आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या चित्पावन कुळांनी महाराष्ट्राला मुत्सद्दी, पंडित व सुधारक दिले, त्याच कुळांपैकी एकात मराठी ख्रिस्ती समाजाचा सर्वश्रेष्ठ कवीही जन्मला. हयातीत आपण त्यांना पंक्तीबाहेर बसविले. आज त्यांचे चरित्र वाचताना निदान एवढे तरी पाहावे की, जी गोष्ट अंतःकरणास पटली ती चारचौघांत बोलून दाखविण्यास माणसाला केवढे धैर्य लागते, आणि ते या पुरुषाच्या ठिकाणी कसकसे येत गेले. पंढरपूरकरांना तर हे चरित्र अधिकच जवळचे वाटावे. कारण त्यातील अत्यंत दुःखाच्या काळाचा एक भाग याच क्षेत्राशी निगडित आहे.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील कडक स्वभावाचे. आई मात्र भाविक व कोमल मनाची. आईच्या मुखातून ऐकलेल्या पदांनी व अभंगांनी मुलाच्या मनात भक्तीचे व काव्याचे बीज पेरले. ती माउली लवकर निवर्तली आणि मुलाचे घरातून चित्त उडाले. पुढे नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका त्यांना बालवयात दिली. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. संसार झाला, पण पाय एका ठिकाणी ठरेनात. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी संपादक, अशी त्यांची भटकंती चालू होती. नागपुरात श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी विद्याव्यासंग केला व ‘ऋषि’ नावाचे मासिक चालविले. जातिभेदाने पोखरलेल्या या देशाला वर काढील असा धर्म कोणता, हा एकच विचार त्यांना त्या दिवसांत रात्रंदिवस ग्रासून होता.

१८९३ साली नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात असता डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावरून संभाषण सुरू झाले व ते धर्मावर आले. त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकित केले. टिळकांनी ते पुस्तक प्रथम केवळ शब्द पाळावयाचा म्हणून उघडले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले आणि तेथेच खिळून राहिले. आपल्या सर्व शंकांचे समाधान त्या थोड्या पानांत आहे, असे त्यांना वाटले.

येथून पुढची दोन वर्षे त्यांच्या चरित्रात फार महत्त्वाची आहेत, कारण ती भीतीची वर्षे आहेत. मन ख्रिस्ताचे झाले होते, पण जीभ उचलत नव्हती. एका ख्रिस्ती पत्राशी त्यांनी पत्रव्यवहार आरंभिला, तोही खरे नाव झाकून. या भीतीस हसण्याचा अधिकार आपणांस नाही. पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये १८९० साली नुसता चहा पुढे आला, तर त्यावरून ग्रामण्य माजले व रानडे आणि लोकमान्य यांच्यासारख्या पुरुषांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. जेथे चहाच्या पेल्याची ही कथा, तेथे बाप्तिस्मा घेणाऱ्याची काय दशा होणार, हे टिळक पुरते जाणून होते. नोकरी जाईल, आप्त तुटतील, पत्नी व लहानगा पुत्र दुरावतील, हे सर्व त्यांना दिसत होते. परंतु जे सत्य आपण जगापासून लपवितो ते हळूहळू आपल्यापासूनही लपू लागते, याची जाणीव अखेर भीतीवर मात करून गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला; आणि तोही गोऱ्या मिशनऱ्याच्या नव्हे, तर एका हिंदी धर्मोपदेशकाच्या हातून.

ही वार्ता लक्ष्मीबाईंच्या माहेरी पोहोचली तेव्हा घरात कोणी मृत्यू पावल्यासारखा आकांत झाला. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. अंगावर सौभाग्यलेणे, आणि लोकांच्या नजरेत मात्र कीव. या वियोगाच्या काळात नातलगांबरोबर त्यांचे काही दिवस पंढरपुरात गेले. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो जीव आपले दुःख विठ्ठलाच्या पायी ठेवावयास येतात. त्याच नगरीत ही माउली पतीची पत्रे व पुत्र दत्तू यांना उराशी धरून दिवस कंठीत होती. अक्षरओळख बेताची असलेल्या या स्त्रीच्या मुखातून दुःखाच्या भरात कविता उमटू लागली, तीही याच वियोगकाळात.

टिळकांच्या धैर्याची खरी कसोटी मुंबईत लागली नाही. ती येथे लागली. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास, पत्नी धर्माच्या कारणाने सहा महिने दूर राहिल्यास, न्यायालयाकडून विवाहबंधन तोडून घेण्याची वाट मोकळी होती. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. पत्नीवर आपला धर्म लादावयाचा नाही आणि तिला टाकावयाचेही नाही, असा त्यांचा निश्चय होता. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. चार-साडेचार वर्षांनी लक्ष्मीबाई आपण होऊन अहमदनगरास आल्या. आल्या त्या सोवळ्यासह. वेगळी चूल मांडून, वेगळे पाणी भरून. टिळकांनी त्या चुलीचाही मान राखला. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेदाची गाठ त्यांच्या त्यांनीच सोडविली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुष्काळात पोरकी झालेली निरनिराळ्या जातींची मुले मग या दांपत्याच्या घरी एकाच पंक्तीला जेवू लागली. उपदेशाने जे झाले नाही ते वाट पाहण्याने झाले.

आपली श्रद्धा इतरांस सांगावयाची तर ती त्यांच्याच भाषेत सांगितली पाहिजे, हे टिळकांनी ओळखले. त्या काळी ख्रिस्ती मंदिरांत विलायती चालींवर बसविलेली मराठी गीते गात असत. ओळी मराठी, पण कानाला परक्या. टिळकांनी तेथे अभंग, ओवी व भजन आणले. टाळ-मृदंगासह कीर्तन उभे केले. ही वारकऱ्यांची संपत्ती होती, पंढरीच्या वाटेवर शतकानुशतके घासून उजळलेली. तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, हे ते उघड सांगत. असे सांगावयास दुहेरी धैर्य लागे. जुन्या लोकांस हा धर्मलंड वाटे, तर नव्या बांधवांपैकी काहींस यांचे हिंदुपण अजून सुटले नाही असे वाटे. दोहोंकडून बोल खाऊनही त्यांनी आपली वाट सोडली नाही. आज मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांची शेकडो पदे गाइली जातात.

साहित्यातही त्यांनी केवळ धर्मप्रचार केला नाही. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. बालकवी ठोमरे यांना त्यांच्या घरी पुत्राप्रमाणे माया मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९०९ साली हाती घेतले, परंतु त्याचे साडेदहा अध्यायच त्यांच्या हातून झाले. उरलेले लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. त्याच लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ मराठी वाङ्मयाचे भूषण ठरली.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली व संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणासही तेथे जागा होती. पगारी उपदेशकाचा शब्द लोक शंकेने ऐकतात, फकिराचा विश्वासाने ऐकतात, हे या भूमीचे मर्म त्यांनी जाणले होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला व अस्थी नगरास नेण्यात आल्या.

टिळकांचे मत आपण स्वीकारावे, असा या लेखाचा हेतू नाही. ज्याचा त्याचा मार्ग ज्याने त्याने पाहावा. पण ज्या ज्ञातीने त्यांच्यासाठी दार लावले, त्या ज्ञातीतील आपण आज एक प्रश्न स्वतःस विचारावा: जे आपणांस मनापासून पटते, ते आपण घरात, पंक्तीत, सभेत बोलतो काय? आणि बोलताना समोरच्याची वेगळी चूल त्याच्या वेळेपर्यंत मानण्याचे सौजन्य आपल्यापाशी असते काय? पंढरीच्या महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर, चोखोबांची समाधी आहे. ज्याला आत येऊ दिले नाही त्याच्यापुढे आज सर्व वारकरी मस्तक नमवितात. दारे लावणारांची नावे कोणास आठवत नाहीत.