आदिलशाही फर्मानातली कच्ची बाजू कान्होजी जेध्यांनी कशी हेरली?

कायद्याच्या प्रवेश परीक्षेत एक प्रश्न हमखास असतो. एक युक्तिवाद दिलेला असतो आणि तो कुठं लंगडा पडतो ते शोधायचं असतं. १६५९ च्या पावसाळ्यात असाच पेपर भोर-वेल्ह्याच्या देशमुखांपुढं पडला होता. उत्तर चुकलं तर वतनासकट जीव जाणार होता.

हा पेपर सोडवला कान्होजी जेधे यांनी.

कान्होजी भोरजवळच्या कारी गावचे, रोहिडखोऱ्याचे देशमुख. वतनापायी माणसं काय करतात हे त्यांच्या घरानं भोगलं होतं. देशमुखीच्या भाऊबंदकीत त्यांच्या वडिलांचा खून झाला होता, असं जेधे करीना सांगतो. पुढं मोसे खोऱ्याच्या बाजी पासलकरांची मुलगी सावित्री त्यांची पत्नी झाली.

कान्होजी शहाजीराजांच्या विश्वासातले. १६४८ साली शहाजीराजे कैद झाले, तेव्हा कान्होजीही अडकले. सुटकेनंतर शहाजीराजांनी त्यांच्याकडून इमानाची शपथ घेतली आणि त्यांना शिवरायांकडे मावळात धाडलं.

दहा वर्षांनी त्या शपथेची परीक्षा झाली. अफजलखान स्वराज्यावर निघाला आणि जून १६५९ मध्ये कान्होजींना विजापूरचं फर्मान आलं. खानाला सामील व्हा, शिवाजीचा पाडाव करा, कामगिरी पाहून सरफराज करू, असा त्याचा मथितार्थ. शेजारच्या उत्रौळीचे खोपडे आधीच खानाकडे गेले होते. म्हणजे भीती होती, आमिष होतं आणि शेजाऱ्याचं उदाहरणही होतं.

कान्होजी पाचही मुलांना घेऊन राजगडाकडे गेले आणि फर्मान शिवरायांपुढं ठेवलं. महाराजांनी उलट त्यांनाच तपासलं. खोपडे गेले, तुम्हीही जा, नाहीतर वतन जाईल, असं सुचवलं. कान्होजींनी शपथेची आठवण दिली आणि हातावर पाणी घेऊन वतनावर सोडलं. धमकीचा सगळा जोर वतनावर होता. तेच सोडल्यावर धमकीत काही उरलं नाही.

मग महाराजांनी मावळातल्या बाकीच्या देशमुखांना वळवायचं काम त्यांच्यावर सोपवलं. बांदल, सिलीमकर, पासलकर, मरळ असे देशमुख जमले. कान्होजींनी फर्मानातली खरी मेख दाखवली. बक्षीस मिळणार ते काम झाल्यावर. पण काम झाल्यावर दरबाराला आपली गरज काय? नसतं निमित्त काढून ते आपलाच नाश करतील. शिवाजीराजे गेले, तर तेव्हा आपली बाजू घेणारं कुणी उरणार नाही. हे राज्य आपलं आहे, ते सगळ्यांनी मिळून राखू. देशमुखांना हे पटलं.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली खान मारला गेला, तेव्हा हेच मावळे त्याच्या फौजेवर तुटून पडले. खंडोजी खोपडे पुढं सापडला. कान्होजींनी रदबदली केल्यामुळं त्याचा जीव वाचला, पण एक हात आणि एक पाय गेला.

कान्होजींना दरबारात पहिल्या मानाचा सन्मान मिळाला. १६६० मध्ये घोडखिंडीत बांदलांनी रक्त सांडल्यावर हा मान जेध्यांनी बांदलांना दिला, असं परंपरा सांगते. त्यानंतर लवकरच कान्होजी गेले. भोर तालुक्यात आंबवड्याला त्यांची समाधी आहे.