‘स्टार ट्रेक’चे ‘दुसरे जीन’: क्लिंगॉन आणि खान ज्यांनी पडद्यावर आणले, त्यांचं नाव मात्र मागेच राहिलं!

‘स्टार ट्रेक’ म्हटलं की कॅप्टन कर्क आठवतो, टोकदार कानांचा स्पॉक आठवतो. निर्माता कोण असं विचारलं, तर जाणकार लगेच जीन रॉडनबेरी यांचं नाव घेतील. ते बरोबरच आहे, कारण ही मालिका त्यांचीच कल्पना होती. पण ‘स्टार ट्रेक’ला आज आपण ज्या गोष्टींनी ओळखतो, त्यातल्या बऱ्याचशा दुसऱ्याच एका जीनच्या टाइपरायटरमधून आल्या. त्यांचं नाव जीन एल. कून.

युद्धावरून थेट विनोदाकडे

कून यांचा जन्म ७ जानेवारी १९२४ रोजी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या बिॲट्रिस गावी झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये ते मरीन कोअरमध्ये दाखल झाले. पुढे कोरियन युद्धाच्या वेळी त्यांना पुन्हा बोलावणं आलं. एकाच माणसाने दोन युद्धं पाहिली. पण या अनुभवातून त्यांनी रडगाणं लिहिलं नाही. कोरियन युद्धावर त्यांनी ‘मीनव्हाइल, बॅक ॲट द फ्रंट’ ही चक्क विनोदी कादंबरी लिहिली. ती १९६१ मध्ये आली.

तोवर टीव्हीवर त्यांचा जम बसला होता. ‘ड्रॅगनेट’सारखी पोलिसी मालिका असो, की ‘वॅगन ट्रेन’, ‘बोनान्झा’सारख्या घोडेस्वारांच्या मालिका, कून सगळीकडे लिहीत होते. त्यांची खासियत म्हणजे वेग. इतरांना आठवडे लागायचे, तिथे ते काही दिवसांत पटकथा हातात ठेवायचे.

युनिव्हर्सल स्टुडिओत त्यांच्यातला विनोदी लेखक खुलला. ‘मॅकहेल्स नेव्ही’ ही नौदलातल्या उपद्व्यापी खलाशांची मालिका मुळात एक तासाची गंभीर गोष्ट म्हणून सुरू झाली होती. तिचं अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेत रूपांतर झालं, त्यात कून यांचा हात होता. भुताखेतांचं साधंसुधं कुटुंब दाखवणाऱ्या ‘द मन्स्टर्स’ची कल्पना पुढे रेटणाऱ्यांमध्येही त्यांचं नाव घेतलं जातं.

आणि मग ‘एंटरप्राइज’वर आगमन

‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर दाखवला गेला. त्याच्या थोडंच आधी, ऑगस्टमध्ये कून निर्माते म्हणून आले. रॉडनबेरी कामाने पिचले होते. दर आठवड्याला एक भाग द्यायचा, बाहेरच्या लेखकांच्या पटकथा पुन्हा लिहायच्या, बजेट सांभाळायचं, हे सगळं एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. पटकथांचा मोठा भार कून यांनी उचलला.

तिथून मालिकेचा सूर बदलत गेला. स्पॉक आणि डॉक्टर मॅककॉय यांच्यातले टोमणे, संकटातही होणारी थट्टा ही विनोदी मालिकांत मुरलेल्या कून यांची देणगी. क्लिंगॉन पहिल्यांदा दिसले ते त्यांच्याच ‘एरंड ऑफ मर्सी’ या भागात. दुसऱ्या ग्रहाच्या स्वाभाविक प्रगतीत ढवळाढवळ करायची नाही, हा ‘प्राइम डायरेक्टिव्ह’ नावाचा नियमही त्यांच्याच काळात मालिकेत आला आणि त्याचं श्रेयही बहुतेकदा त्यांनाच दिलं जातं.

आपल्यासाठी गंमतीची गोष्ट म्हणजे खलनायक खान नुनियन सिंग! ‘स्पेस सीड’ या भागाची मूळ कथा कॅरी विल्बर यांची, पटकथेवर नाव दोघांचं. हा खान उत्तर भारतातला असावा असं त्या भागातच सांगितलं आहे. भूमिका मात्र मेक्सिकन अभिनेते रिकार्डो माँटलबान यांनी केली. याच खानवर १९८२ मध्ये ‘द रॅथ ऑफ खान’ हा सिनेमा आला.

राक्षस नव्हे, आई!

कून यांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे ‘द डेव्हिल इन द डार्क’. यानोस प्रोहास्का हे कलाकार स्वतः बनवलेला विचित्र प्राण्याचा पोशाख घालून आले. तो पाहून कून यांनी अवघ्या काही दिवसांत पटकथा लिहिली. एका ग्रहावरच्या खाणीत एक प्राणी कामगारांना मारतोय. सगळे त्याला संपवायला निघतात. मग कळतं, की ती एक आई आहे आणि खाणकाम करणारे नकळत तिची अंडी फोडत आहेत. शेवटी दोन्ही बाजूंमध्ये समझोता होतो.

त्यांच्या अनेक कथांमध्ये हेच सूत्र दिसतं. ‘अरीना’मध्ये कर्क हरलेल्या शत्रूला मारत नाही. ‘अ टेस्ट ऑफ आर्मगेडन’मध्ये दोन ग्रह संगणकावर युद्ध खेळतात आणि आकडेवारीत मेलेले लोक रांगेने खरोखर मरायला जातात. हे सगळं व्हिएतनाम युद्ध पेटलेलं असताना, १९६७ मध्ये घरोघरी दिसत होतं.

वेगाचे तोटेही होते. ‘अरीना’ लिहून झाल्यावर ती फ्रेडरिक ब्राउन यांच्या १९४४च्या कथेशी मिळतीजुळती असल्याचं लक्षात आलं. मग ब्राउन यांना मोबदला आणि श्रेय देण्यात आलं.

टोपणनावामागचा माणूस

दुसऱ्या सीझनच्या मधेच कून मालिका सोडून गेले. पुढे युनिव्हर्सलमध्ये काम करतानाच त्यांनी ‘ली क्रोनिन’ या टोपणनावाने तिसऱ्या सीझनसाठी लिहिलं. त्यातला ‘स्पॉक्स ब्रेन’ आजही सगळ्यात वाईट भागांमध्ये गणला जातो, हेही खरं!

कून भरपूर धूम्रपान करायचे. फुप्फुसाच्या कर्करोगाने ८ जुलै १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. वय होतं फक्त ४९. रॉडनबेरींसोबत लिहिलेला ‘द क्वेस्टर टेप्स’ हा टीव्ही चित्रपट त्यांच्या मागे, १९७४ मध्ये दाखवला गेला.

‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांची संमेलनं जेव्हा गर्दी खेचू लागली, तेव्हा मंचावर बसून आठवणी सांगायला कून नव्हते. रॉडनबेरी १९९१ पर्यंत होते, त्यामुळे लोकांच्या मनात एकच जीन राहिला. सोबत काम केलेल्या विल्यम शॅटनर यांच्यासारख्यांनी मात्र पुढे कून यांचं श्रेय वेळोवेळी मोकळेपणाने मान्य केलं. पुढच्या वेळी जुन्या ‘स्टार ट्रेक’चा एखादा भाग लावलात, तर श्रेयनामावली पुढे ढकलू नका. तिथे हे नाव नक्की शोधा!