दुपारच्या वाचनाला लक्ष्मीबाई

आमच्या महिला मंडळात महिन्याला पुस्तकांची पेटी येते. जड नको, रडकं नको, वाचायला मजा येईल असं काहीतरी सुचव, अशी मैत्रिणींची दरवेळी फर्माईश असते. माझं उत्तर ठरलेलं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. कादंबरी नाही, पण एकदा हातात घेतली की कुकरच्या शिट्ट्या मोजायचं भान राहत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं. त्या माहेरच्या मनकर्णिका गोखले. वडील अतिशय सोवळे. इतके, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचं. अशा घरातली ही मुलगी अकराव्या वर्षी कवी नारायण वामन टिळकांच्या पदरात पडली. टिळक विद्वान, प्रेमळ, पण तापट आणि लहरी. हातात पैसा आला की कुणाला तरी देऊन मोकळे! मनात आलं की घर सोडून निघाले! शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकोला लिहायला-वाचायला मात्र त्यांनीच शिकवलं. हे सगळं लक्ष्मीबाई अशा सांगतात, की आपण आधी हसतो आणि मग त्या बाईनं काय सोसलं असेल ते लक्षात येऊन गप्प होतो.

1895 साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जायची सोय नाही. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या. अखेर टिळकांकडे परतल्या, तरी सोवळं सोडलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग त्या स्वतःच विचार करू लागल्या. जात देवानं केली की माणसानं? उत्तर मिळालं तशा त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. पुढे 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःच्या मनाला पटल्यावर. नवऱ्याच्या मागे गेलेली बाई एवढीच त्यांची ओळख सांगणं मला म्हणूनच पटत नाही.

इथे मला माझ्या घरचं सांगायलाच हवं. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं होतं, तेव्हा दुपारी मी त्यांना हेच पुस्तक वाचून दाखवायचे. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप मोरीच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. मी वस्तीत जाऊन बायकांपुढे समतेवर बोलायचे आणि घरी आले की त्याच कपात चहा ओतायचे. सासूबाईंचा नियम, असं म्हणून हात झटकायचे. ते सोवळं सोडण्याचं पान वाचताना माझा आवाज अडखळला. सासूबाईही काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, तेव्हा त्यांनी मला रोजच्या कपबशा काढायला सांगितल्या. चार कप, सगळे एकसारखे. ऐंशीच्या घरातल्या त्या बाईनं एका दिवसात केलं, ते मला पंधरा वर्षांत जमलं नव्हतं. खरं तर मी तसा प्रयत्नच केला नव्हता. तो जुना कप मी फेकला नाही. त्यात आता ओवा लावलाय. येता-जाता दिसतो आणि आठवण राहते.

1919 साली टिळक गेले. येशूच्या चरित्रावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवरच थांबलं होतं. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय रचून ते पुरं केलं! ‘स्मृतिचित्रे’सुद्धा मुलानं, म्हणजे देवदत्त टिळकांनी, वडिलांच्या आठवणी लिहायचा आग्रह धरला म्हणून सुरू झाली. 1934 पासून तिचे भाग पुस्तकरूपानं येऊ लागले आणि 1936 च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई गेल्या. साठी उलटल्यावर नावारूपाला आलेली ही लेखिका! मला काय लिहिता येणार, असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी म्हणूनच त्यांचं नाव सांगते.

भाषा म्हणाल तर ओट्याशी उभं राहून गप्पा माराव्यात तशी. ठोंबरे नावाचा एक हळवा मुलगा त्यांच्या घरात वावरतो. हेच आपले बालकवी! असं ओळखीचं माणूस पानापानावर भेटतं.

हे संपवलंत की रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ घ्या. ते 1910 सालचं. तेही आवडेल. पण आधी लक्ष्मीबाई. आणि जमलं तर एकटीनं वाचू नका, घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. आपल्या घरात कुठल्या खिडकीत कुठला कप ठेवलाय, ते मग आपोआप दिसायला लागतं.