ब्रिगेडियर जनरल रॉबिन ओल्ड्स

रॉबिन ओल्ड्स यांचा जन्म १४ जुलै १९२२ रोजीं होनोलुलु येथें झाला. वडील अमेरिकेच्या वायुदळांत सेनानी. तेव्हां विमानाची ओढ घरांतच लागली. वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयांत ते अमेरिकन फुटबॉल खेळत. या खेळांत चेंडू हातीं धरून धांवतात व धक्के फार बसतात. १९४२ सालीं नौदलाविरुद्धच्या सामन्यांत त्यांचे पुढचे दांत पडले, तरी ते पुन्हां मैदानांत उतरले!

दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं युरोपांत शत्रूचीं १२ विमानें पाडलीं. ऑगस्ट १९४४ मध्यें चढाईच्या घाईंत ते पेट्रोलची टाकी बदलावयास विसरले आणि दोन्ही एंजिनें बंद पडलीं. ही चूकच, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तशा स्थितींतहि नेम साधून त्यांनीं समोरचें विमान पाडलें.

२ जानेवारी १९६७ रोजीं व्हिएतनामांत त्यांनीं आपलीं लढाऊ विमानें बाँबफेक्या विमानांच्या वाटेनें व चालीनें नेलीं. शत्रु फसला. त्याचीं सात मिग विमानें पडलीं. ओल्ड्स यांचें एकहि नाहीं.

पुढें ते जनरल झाले. हुद्दा उतरवून कर्नल केलें तरी चालेल, पण युद्धावर परत पाठवावें, अशी विनंति त्यांनीं केली. ती मान्य झाली नाहीं. १९७३ सालीं त्यांनीं सेवा सोडली. १४ जून २००७ रोजीं ते वारले.