राजाजींचे ‘कमी सरकार’

चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव निघाले, की ‘कमी सरकार’ हे बिरुद ओघानेच येते. १८७८ मध्ये तेव्हाच्या सेलम जिल्ह्यात जन्मलेल्या या वकिलाने १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री असताना धान्यावरील नियंत्रणे उठवली. १९५९ मध्ये ‘लायसन्स-परमिट राज’विरुद्ध स्वतंत्र पक्ष उभा केला, १९६७ मध्ये त्याचे ४४ खासदार लोकसभेवर निवडून आले.

मात्र, याच राजाजींनी मद्रास प्रांताची सूत्रे हाती येताच १९३७ मध्ये सेलममध्ये दारूबंदी लागू केली आणि बुडालेला महसूल भरून काढण्यासाठी १९३९ मध्ये विक्रीकर आणला. हिंदीच्या सक्तीला विरोध करणाऱ्यांना तुरुंगात धाडले. १९५१ मध्ये केंद्रीय गृहमंत्री म्हणून त्यांनी प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याची मुदत वाढवून घेतली. १९७१ मध्ये तामिळनाडूने दारूबंदी उठवली, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या राजाजींनी त्या निर्णयाला विरोधच केला.

व्यापाऱ्याला मोकळीक आणि मद्यपीला मज्जाव! २५ डिसेंबर १९७२ रोजी निवर्तलेल्या या नेत्याचे सरकार लहान होते की मोठे, याचे उत्तर तुम्ही शेतकरी, दुकानदार, आंदोलक की मद्यपी, यावर अवलंबून होते. बिरुदावरून ते कळत नाही.