बर्फातला ताड

आमच्या खर्ड्याच्या शिंदीला थंडी म्हणजे माघातली चार रात्रींची. बर्फ अंगावर घेऊन उभा राहणारा ताड मी प्रथम पुस्तकातच पाहिला, आणि ज्याचं नाव त्याला मिळालं त्या रॉबर्ट फॉर्च्यूनच्या मागे लागलो.

हा 1812 साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला साधा माळी. 1843 साली लंडनच्या बागायत संस्थेने त्याला चीनला धाडलं. चुसान बेटावर त्याला हा ताड दिसला. त्याच्या काथ्याचे तिथले शेतकरी दोर वळत, पावसासाठी इरली करत. 1849 साली त्याची रोपं इंग्लंडला पोचली.

मला मात्र त्याची बियांची अक्कल मोठी वाटते. ताडाचं काय, चहाचं काय, बी वाळलं की गेलंच. ईस्ट इंडिया कंपनीसाठी चहा पाठवताना त्याने काचेच्या बंद पेटीत, तुतीच्या रोपांमधल्या ओल्या मातीत बिया पेरल्या. कलकत्त्याला पेटी उघडली तर कोंब फुटलेले! 1851 साली हजारो रोपं घेऊन तो स्वतःच हिंदुस्थानात आला. चिनी वेष करून, लांब वेणी लावून मिळवलेला माल, चोरीच म्हणायची.

1880 साली तो लंडनमध्ये वारला. त्याचा ताड रुजवायचा तर ताजं बी दोन दिवस भिजवून ओलसर रेतीत घालावं, आणि दोन-तीन महिने कुंडी उकरू नये.